दोन दगडांवर पाय आणि तिसरी वीट

एरवी या सदराला आठवड्याला एकच पान मिळते. दिवाळी अंकात मात्र संपादक सढळ हाताने चार पाने देतात आणि वर बजावतात, "सणाचे दिवस आहेत, काहीतरी गोडधोड लिहा." आता घरच्या जमाखर्चावर सदर लिहिणाऱ्याने गोडधोड कोठून आणावे? पण यंदा गौरीजेवणाच्या दिवशी आमच्या घरी एक प्रसंग घडला आणि त्या निमित्ताने माझीच एक जुनी फजिती मला पुन्हा आठवली. दुसऱ्याची फजिती ऐकायला नेहमीच गोड लागते. तेव्हा तीच आज वाचकांपुढे फराळाच्या ताटात वाढतो.

माझा धाकटा भाचा हिंजवडीच्या एका माहिती-तंत्रज्ञान कंपनीत नोकरीला आहे. वय बत्तीस, पदरी तीन वर्षांची मुलगी, स्वतःचे दोन खोल्यांचे घर. मोठा हुशार आणि कष्टाळू पोरगा. शनिवार-रविवारी तो लहान दुकानदारांना हिशेबाचे आणि मालसाठ्याचे प्रोग्रॅम करून देतो आणि त्यात त्याला चार पैसे बरे सुटतात. गौरीच्या दर्शनाला आला तो पेढ्यांचा पुडा आणि एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका घेऊनच.

"मामा, दोन आनंदाच्या बातम्या आहेत," तो पाटावर बसता बसता म्हणाला. "दिवाळीनंतर नोकरी सोडतोय. पूर्ण वेळ स्वतःचा धंदा. आणि दसऱ्याला फ्लॅट बुक करतोय."

"राहायला?" मी विचारले.

"छे हो! राहायला आहे की. हा गुंतवणुकीसाठी. दोन वर्षांत ताबा मिळेल, मग भाडं सुरू. हप्ता भाड्यातून परस्पर जातो, असं तिथला माणूस सांगत होता."

सौ. स्वयंपाकघरात करंज्या तळत होती. ती झारा हातात घेऊनच बाहेर आली, भाच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "अगदी तुमचंच वाक्य हो! शब्दसुद्धा बदललेला नाही."

मी मान खाली घातली. कारण ते वाक्य खरोखरच माझे होते. मी ते २०१६ सालच्या दसऱ्याला, याच खोलीत, याच पाटावर बसून उच्चारले होते.

वाचकांपैकी जुन्या मंडळींना ठाऊक आहे की मी मूळचा मेकॅनिकलचा डिप्लोमावाला. पिंपरी-चिंचवडमधल्या एका कारखान्यात १९९३ साली टूल डिझाइन विभागात लागलो. यंत्रावर जो भाग कापायचा तो घट्ट आणि नेमक्या जागी धरून ठेवणारी जी साधने असतात, ती जिग आणि फिक्स्चर, त्यांची ड्रॉइंग करणे हे माझे काम. २००९ सालापासून संध्याकाळी मी भोसरीच्या लहान वर्कशॉपवाल्यांसाठी हेच काम स्वतंत्रपणे करू लागलो. साहेबांची लेखी परवानगी काढली होती आणि आमच्या कारखान्याशी स्पर्धा करणाऱ्या कोणाचे काम घ्यायचे नाही, अशी अटही पाळली होती. तरी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सुरुवातीच्या दिवसांत जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्याच संगणकावर मी माझी दोन-तीन खाजगी ड्रॉइंगे काढली. कोणी पाहिले नाही, कोणी बोलले नाही. पण त्या महिन्याचा पगार घेताना मला पहिल्यांदा खाली पाहावेसे वाटले. पुढल्याच महिन्यात कर्ज काढून घरी स्वतःचा संगणक घेतला. दोन दगडांवर पाय ठेवायचे असतील तर निदान दोन्ही दगड आपल्याला उघडपणे दाखवता आले पाहिजेत, एवढा धडा मी तेव्हाच शिकलो. बाकीचे धडे पुढे, महागात शिकलो.

२०१६ साली हातात ५२,००० रुपये पगार पडे आणि संध्याकाळच्या कामाचे सरासरी २०,००० मिळत. सरासरी हा शब्द मात्र फसवा आहे. एखाद्या महिन्यात ४५,००० येत आणि मग दोन महिने चहाचे पैसेही सुटत नसत. राहते घर लहान, पण त्याचे कर्ज २०१३ सालीच फिटले होते. एकूण सगळे ठीक चालले होते आणि सगळे ठीक चालले म्हणजेच माणसाच्या डोक्यात पिसे भरते. माझ्या डोक्यात दोन एकदम भरली. एक, नोकरी सोडून पूर्ण वेळ स्वतःचा व्यवसाय करावा. दुसरे, मोशीच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या एका इमारतीत गुंतवणूक म्हणून फ्लॅट घ्यावा.

किंमत ४२ लाख. साठवलेले १२ लाख घालायचे आणि ३० लाख कर्ज काढायचे. बँकेत गेलो तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने पगाराच्या पावत्या आणि कारखान्याने दिलेला फॉर्म सोळा पाहिला आणि मान डोलावली. मी ऐटीत म्हटले, "शिवाय माझा स्वतःचा व्यवसायही आहे."

"त्याची विवरणपत्रं?" त्यांनी विचारले.

विवरणपत्रे कुठली! वर्कशॉपवाले निम्मे पैसे रोख देत आणि ते मी प्राप्तिकराच्या कागदांत दाखवत नसे. पुष्कळ जण करतात तेच मीही करत होतो आणि त्यात स्वतःला शहाणा समजत होतो. अधिकारी हसून म्हणाले, "साहेब, जे कागदावर नाही ते आमच्या दृष्टीनं नाहीच."

म्हणजे गंमत पाहा. मला कर्ज मिळत होते ते माझ्या नोकरीच्या जोरावर आणि ते घेऊन मी निघालो होतो नोकरीच सोडायला! ज्या फांदीवर बसून फळ तोडले तीच फांदी कापण्याचा बेत. पण त्या वेळी हे मला दिसले नाही. ९.५ टक्के दराने, २० वर्षांच्या मुदतीचा हप्ता येत होता सुमारे २८,०००. भाडे येईल, धंदा वाढेल, सगळे जमेल, असे मांडे मी मनात खात होतो. राजीनामाही लिहून ठेवला होता. दिवाळीनंतर कामावर रुजू झालो की द्यायचा.

लक्ष्मीपूजन त्या वर्षी ३० ऑक्टोबरला होते. पूजा झाली, मुलगी फुलबाज्या उडवायला खाली गेली आणि सौ. माझ्यासमोर येऊन बसली. ती अर्थशास्त्र शिकलेली नाही. पण घरात पैसा कसा येतो आणि कसा जातो, हे तिला माझ्यापेक्षा अधिक कळते.

"हे बघा," ती म्हणाली, "तुमच्या धंद्यावर माझा विश्वास नाही असं नव्हे. घरालाही माझी ना नाही. पण दोन्ही एका वर्षात नको. घर घेतलंत ना? मग नोकरी राहू दे. नोकरी सोडायची होती तर घर थांबायला हवं होतं. एका वर्षी एकच नवं ओझं उचलावं. माझी आई विहिरीवरून पाणी आणायची, तीसुद्धा पहिली घागर नीट बसल्याशिवाय दुसरी घेत नसे."

आम्ही पुष्कळ वाद घातला. शेवटी तह झाला तो असा की राजीनामा मार्चपर्यंत कपाटात ठेवायचा. मी तो ठेवला. रागाने ठेवला, हेही सांगून टाकतो.

त्यानंतर बरोबर नऊ दिवसांनी, ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री, ५०० आणि १,००० च्या नोटा चलनातून गेल्या. भोसरीचे माझे वर्कशॉपवाले रोखीवर चालणारे. काहींनी कामगारांना सुट्टी दिली, काहींनी मला हात जोडले. डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी या तीन महिन्यांत माझ्या व्यवसायाची आवक झाली एकूण ९,००० रुपये. बँकेचे व्याज मात्र नोव्हेंबरपासून सुरू झाले होते. ते भरले कोणी? ज्या नोकरीला मी पायातली बेडी म्हणत होतो तिने. मार्च आला तेव्हा सौ.ने कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. मी ती परत तिच्याच हातात ठेवली.

आता त्या फ्लॅटची कथा. करारात ताबा होता डिसेंबर २०१८ चा. २०१७ सालच्या १ मेपासून आपल्या राज्यात महारेराचे काम सुरू झाले आणि चालू बांधकामांनाही नोंदणी सक्तीची झाली. आमच्या बिल्डरनेही नोंदणी केली आणि करताना पूर्णत्वाची नवी तारीख लिहिली, डिसेंबर २०१९. ताबा प्रत्यक्ष मिळाला फेब्रुवारी २०२० मध्ये. तोपर्यंत बँक जितके पैसे बिल्डरला देई तितक्यावर आम्ही नुसते व्याज भरत होतो. २०१८ साली बँकेने २४ लाख दिले होते आणि दर होता ९ टक्के. म्हणजे महिन्याला १८,००० रुपये जात होते आणि त्यातून मुद्दलाचा एक रुपयाही फिटत नव्हता. भाडे तर नव्हतेच. भाडेकरू ठेवायला भिंती तरी हव्यात!

या काळात मी काय करत होतो? सकाळी आठ ते साडेचार कारखाना, सात ते दहा ड्रॉइंग, रविवारी भोसरी. मुलीची दहावी याच वर्षांत झाली. एका संध्याकाळी ताप आला म्हणून मी लवकर घरी येऊन पडलो होतो. मुलगी शिकवणीहून आली आणि दारातच थबकून म्हणाली, "बाबा, तुम्ही आज घरी कसे?" त्या प्रश्नात तक्रार नव्हती, नुसते आश्चर्य होते. सौ. आतून म्हणाली, "या घरात दोघी जणी राहतात आणि एक भाडेकरू. तो रात्री झोपायला येतो." भाड्याने द्यायला दुसरे घर घेण्याच्या नादात मी पहिल्या घरात भाडेकरू झालो होतो. तापापेक्षा ते वाक्य अंगात अधिक दिवस राहिले. रविवारचे भोसरी मी त्या आठवड्यापासून बंद केले. व्यवसाय बुडाला नाही. चार ऐवजी तीन गिऱ्हाइके राहिली, एवढेच.

ताबा मिळाला आणि महिन्याभरात टाळेबंदी लागली. भाडेकरू कुठला? तो आला नोव्हेंबरात. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांचे हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली होती. पण व्याज चढतच राहणार होते, म्हणून आम्ही ती घेतली नाही. कारखान्याने तीन महिने पगार कापला. तरी जो आला त्यातून हप्ता गेला. त्या उन्हाळ्यात पूर्ण वेळ व्यवसाय करणारे माझे दोन स्नेही रात्री फोन करून बोलत. त्यांच्या आवाजात जे होते ते मी येथे लिहीत नाही. त्यांच्या जागी मी असायला फक्त एका राजीनाम्याचे अंतर होते.

हप्ता भाड्यातून परस्पर जातो, या वाक्याचाही आता निकाल लावू. भाडेकरू आल्यानंतरच्या पहिल्या पूर्ण वर्षाचा माझ्या वहीतला हिशेब असा. भाडे महिना ११,५००. घर एक महिना रिकामे राहिले, म्हणून ११ महिन्यांचे १,२६,५००. त्यातून सोसायटीचे महिना १,८०० प्रमाणे २१,६०० गेले, मिळकत कर ७,०००, दलाली एक महिन्याचे भाडे म्हणजे ११,५००, रंग आणि नळदुरुस्ती ८,०००. हातात राहिले ७८,४०० रुपये. हप्त्यांपोटी गेले ३,३६,०००. म्हणजे २,५७,६०० रुपये मी माझ्या खिशातून घातले. व्याजाचे दर मध्यंतरी उतरले होते, पण मी हप्ता मुद्दाम तोच ठेवला, म्हणजे मुद्दल अधिक फिटावे. २०१६ साली बँकेने दिलेल्या मूळ तक्त्याप्रमाणे पहिल्या वर्षीच्या ३,३६,००० पैकी मुद्दलात वळणार होते जेमतेम ५३,०००. बाकी सगळे व्याज. घर वाईट नव्हे. घर आज उभे आहे, त्याची किंमतही वाढली आहे. पण ते हप्ता भरत नसते. हप्ता माणूस भरतो.

यातून हळूहळू आमच्या घरी एक पद्धत बसली. सौ.ने तीन डबे केले. खरे डबे नव्हेत, बँकेतली तीन खाती. पण घरात आम्ही त्यांना डबेच म्हणतो. पहिला डबा पगाराचा. घरखर्च आणि कर्जाचा हप्ता यातूनच जायचा. यातून जेवढा हप्ता झेपेल तेवढेच कर्ज. दुसरा डबा व्यवसायाचा. त्यातले पैसे खर्चात धरायचेच नाहीत. आधी कर बाजूला काढायचा, मग बारा हप्त्यांएवढी रक्कम मुदत ठेवीत साठवायची आणि त्यावर उरेल ते कर्जाच्या मुद्दलात भरायचे. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जाची रक्कम मुदतीपूर्वी भरली तर बँकेला दंड घेता येत नाही, ही सोय पुष्कळांना ठाऊकच नसते. तिसरा डबा भाड्याचा. तो हिशेबात शून्य धरायचा. आले तर दुरुस्ती, कर आणि रिकाम्या महिन्यांसाठी. न आले तर रडायचे नाही.

व्यवसायाची आवकही मी २०१७ सालापासून एकूण एक कागदावर आणली. डॉक्टर, वकील, इंजिनिअर अशा काही व्यावसायिकांना वह्यांचा पसारा न मांडता निम्मी आवक नफा म्हणून दाखवण्याची सोय प्राप्तिकरात २०१६-१७ पासून आहे, ती घेतली. कर भरताना हात आखडला खरा. पण तीन वर्षांची विवरणपत्रे हातात आली तेव्हा कळले की लपवलेल्या रुपयाने माणसाचा कर वाचतो, पण पत वाढत नाही. आणि पत ही स्वतंत्र धंदा करणाऱ्याची खरी पगाराची पावती होय.

नोकरी मी सोडली ती मार्च २०२२ मध्ये. तोपर्यंत तीस लाखांचे कर्ज साडेएकवीस लाखांच्या आसपास आले होते आणि बारा हप्ते मुदत ठेवीत होते. घरच्या तिघांचा आरोग्य विमा मी नोकरीत असतानाच, २०१९ साली, स्वतंत्र काढला होता. कारण कारखान्याचा विमा कारखान्याच्या फाटकातच संपतो आणि नव्या विम्यात जुन्या दुखण्यांसाठी काही वर्षे थांबावे लागते. ज्या राजीनाम्याने २०१६ साली माझी झोप उडवली असती तो मी या वेळी साहेबांच्या टेबलावर ठेवून कँटीनमध्ये शांतपणे मिसळ खाल्ली.

मोह मात्र माणसाला सोडत नाही. ग्रॅच्युइटीचे ५ लाख हातात आले आणि मी म्हटले, "एखादा दुकानगाळा बुक करू या का?" सौ. नुसती हसली आणि म्हणाली, "या वर्षीचं नवं ओझं कोणतं?" ते ओझे म्हणजे व्यवसाय, हे मलाही ठाऊक होते. पाच लाख मुकाट्याने कर्जात भरले. कर्ज साडेसोळा लाखांवर आले. दोनच महिन्यांत, मे २०२२ मध्ये, रिझर्व्ह बँकेने रेपो दर वाढवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. तीस लाख तसेच डोक्यावर असते तर त्या अडीच टक्क्यांनी वर्षाला ७५,००० रुपये व्याज वाढले असते. साडेसोळा लाखांवर ते ४१,००० च्या आसपास वाढले. तेवढे व्यवसायाला पेलले. आजही थोडे कर्ज बाकी आहे, पण रात्री झोप लागते.

हे सगळे मी भाच्याला सांगितले. तो हुशार, लगेच म्हणाला, "पण मामा, तुमची ती नोटांची आणि टाळेबंदीची वर्षं होती. प्रत्येक वेळी असं थोडंच होतं?"

"खरं आहे," मी म्हटले. "तीच संकटं पुन्हा येणार नाहीत. दुसरी येतील. ती कोणती, हे आधी कळत नाही, म्हणून तर एका वेळी एकच ओझं." मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्याच्या फ्लॅटची किंमत ८५ लाख. बँक ८० टक्के देणार, म्हणजे ६८ लाख. साडेआठ टक्के दराने २० वर्षांचा हप्ता सुमारे ५९,०००. उरलेले १७ लाख स्वतःचे. त्याशिवाय मुद्रांक शुल्क ७ टक्के म्हणजे ५ लाख ९५ हजार, नोंदणी फी ३०,००० आणि अपुऱ्या बांधकामाच्या घरावर ५ टक्के जीएसटी म्हणजे ४ लाख २५ हजार. एकूण साडेदहा लाख वरखर्च. ही ओळ त्या गुळगुळीत पुस्तिकेत कोठेच नव्हती.

"बायकोच्या नावानं घेतलास तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे," सौ. आतून म्हणाली. कायद्याची अशी कलमे तिला पाठ असतात.

"आणि व्याजावर कराची सवलत?" त्याने विचारले.

"कोणत्या पद्धतीनं कर भरतोस ते आधी पाहा," मी म्हटले. "नव्या करप्रणालीत भाड्यानं दिलेल्या घराचं व्याज त्या भाड्यापुरतंच वजा होतं, वरचा तोटा पगारातून किंवा धंद्यातून वळता होत नाही. सवलतीसाठी घर घ्यायचे दिवस गेले."

आणखी काही गोष्टी त्याला लिहून दिल्या, त्या वाचकांसाठीही उतरवतो. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक आणि तिथे लिहिलेली पूर्णत्वाची तारीख स्वतः पाहावी. विक्रेत्याच्या तोंडची तारीख धरू नये. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक पैसे बिल्डरला घेता येत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. घर भाड्याने देताना लेखी करार करून तो नोंदवावा. आपल्या राज्यात ते बंधनकारक आहे. सोसायटीला बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक लावता येत नाही. गिऱ्हाइकाशी लेखी करार करावा. लघुउद्योग म्हणून नोंदणी असेल तर कायद्याने पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत. आणि कायदा काही म्हणो, गिऱ्हाईक "पुढच्या सोमवारी" म्हणणारच, हे धरून चालावे. सर्वांत आधी, कंपनीने दिलेले नेमणूकपत्र काढून त्यात दुसऱ्या कामाविषयी काय लिहिले आहे ते वाचावे. २०२२ साली काही मोठ्या कंपन्यांनी छुपी जोडकामे करणाऱ्यांना घरी बसवल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत.

भाचा बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत बसला. त्याची मुलगी त्याच्या मांडीवर येऊन पेढा मागत होती. शेवटी तो म्हणाला, "मामी, मग दोन्हीपैकी आधी कोणतं करू?"

मला वाटले, आता ही घराच्या बाजूने बोलणार. ती म्हणाली, "ते तुम्ही दोघा नवराबायकोनं ठरवायचं. धंद्यात जीव रमत असेल तर आधी धंदा कर. वय आहे तुझं. घरं काय, पुढल्या वर्षीही बांधणारच आहेत. नाहीतर आधी घर घे आणि नोकरी धर. दोन्ही होतील रे. पण दोन वर्षांत, एका दिवाळीत नव्हे. आणि जे ठरवशील ते बायकोला सांगून ठरव. तिला हे माहीत आहे ना?"

भाचा गप्प बसला. म्हणजे माहीत नव्हते. तोही घराण्याचा गुणच म्हणायचा; २०१६ साली बुकिंगचा धनादेश दिल्यावरच मी घरी सांगितले होते.

तो गेला तेव्हा पुस्तिका येथेच विसरून गेला; विसरला की ठेवून गेला, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सौ.ने करंज्यांच्या डब्यात तळाशी ती पाने फाडून घातली. संध्याकाळी डबा उघडून पाहिला तर खालच्या करंज्या तेलात बसलेल्या.

"कागद दिसायला फार छान आहे हो," ती पाने बाहेर काढीत ती म्हणाली, "पण तेल टिपत नाही. आपलं वर्तमानपत्रच बरं."